प्रवेश मिळाला, पण गणिताचे काय?



दर वर्षी पावसाळा तोंडावर आला म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील आपल्या वस्त्यांतून एकच धावपळ सुरू होते. दहावीचा निकाल लागलेला असतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला अशी कागदांची चळत पिशवीत घालून आई-बाप या कचेरीतून त्या कचेरीत खेटे घालीत असतात. मुलाला अगर मुलीला तंत्रनिकेतनात किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जागा मिळाली, की घरी पेढे येतात, शेजारीपाजारी वाटले जातात. ही गोष्ट आनंदाचीच आहे आणि त्या आनंदात विरजण घालण्याची माझी इच्छा नाही. परंतु त्यानंतर काही महिन्यांनी पहिल्या सत्राचा निकाल लागतो, त्या दिवसाविषयी आपल्यात कोणी बोलत नाही. त्या दिवशी गुणपत्रिकेत एखाद्या विषयासमोर नापासाची खूण असते, आणि माझ्या पाहण्यात तरी तो विषय बहुतेक वेळा गणित असतो.

मी वकील आहे. दाखल्याची पडताळणी रखडली, शिष्यवृत्ती अडली, संस्थेने मूळ कागद अडकवून ठेवले, अशी कामे घेऊन लोक माझ्याकडे येतात. या प्रत्येक कामावर कायद्यात उपाय आहे. अर्ज आहे, अपील आहे, प्रसंगी उच्च न्यायालयात रिट अर्जही आहे. पण कागद चाळता चाळता मुलाची गुणपत्रिका हाती येते आणि कळते की त्याने वर्गात जाणेच सोडले आहे. शिष्यवृत्ती मंजूर होते तेव्हा ती घ्यायला विद्यार्थीच उरलेला नसतो. कोणत्याही न्यायालयाच्या हुकुमाने समीकरण सुटत नाही. सबब आज कज्जे-खटले बाजूस ठेवून मी आपणांशी गणिताविषयी बोलणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: जागा मिळणे हा आपला अर्धा हक्क आहे. त्या जागेवर बसल्यानंतर विषय समजेपर्यंत शिकविले जाणे, हा उरलेला अर्धा हक्क आहे. पहिल्या अर्ध्यासाठी आपण लढलो. दुसरा अर्धा आपण अद्याप मागितलेलाच नाही.

प्रथम, आपण ज्या भूमीवर राहतो ती पाहा. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन वसले आणि १९४९ साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. त्याच्या शेजारी शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना उभा राहिला. अंबरनाथला आयुधनिर्माणी आली, तिच्या जोडीला मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली; २०२१ साली देशातील सर्व आयुधनिर्माण्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या, त्यांत या दोन्ही गेल्या. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या वसाहतींनी अंबरनाथ-बदलापूरचा माळ कारखान्यांनी भरून टाकला. अंबरनाथला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, आसपास तंत्रनिकेतने आहेत. म्हणजे शिक्षण दाराशी आहे आणि काम शिवारात आहे. इतकी जवळीक महाराष्ट्रातील फार थोड्या गावांच्या वाट्याला आली असेल.

आता या कारखान्यांच्या फाटकाशी सकाळच्या पाळीच्या वेळी उभे राहा. एकाच वस्तीतील, एकाच वयाचे दोन तरुण एकाच फाटकातून आत जातात. एक ठेकेदाराच्या यादीतला हेल्पर असतो, दुसरा यंत्रावरचा ऑपरेटर. दोघांच्या दंडात बळ सारखेच असते. मग फरक कोठे पडतो? लेथवर निमुळता, म्हणजे ज्याला कामगार 'टेपर' म्हणतात तसा, दांडा कापावयाचा आहे असे समजा. त्याचा मोठा व्यास ५० मिलिमीटर, लहान व्यास ४० मिलिमीटर आणि लांबी १०० मिलिमीटर. व्यासांतील फरक १०. त्याला लांबीच्या दुपटीने, म्हणजे २०० ने, भागले की ०.०५ येतात, ज्या कोनाचा 'टॅन' ०.०५ आहे तो कोन सुमारे २ अंश ५२ मिनिटांचा. लेथची कंपाउंड स्लाइड तेवढी फिरवली की दांडा बरोबर उतरतो. रसायनाच्या कारखान्यात ३० टक्के तीव्रतेचे १०० किलो द्रावण १२ टक्क्यांवर आणावयाचे असेल, तर एकूण वजन २५० किलो झाले पाहिजे, म्हणजे १५० किलो पाणी लागेल. हे हिशेब ज्याला येतात तो यंत्रासमोर उभा राहतो. ज्याला येत नाहीत तो यंत्राखालचा लोखंडाचा कीस झाडतो आणि ठेका संपला की घरी बसतो.

यंत्रापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवरही हेच आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत कार्यशाळा गणित कधी स्वतंत्र विषय म्हणून येते, कधी ट्रेडच्या विषयात मिसळून येते; टळत मात्र नाही. तंत्रनिकेतनाच्या पदविकेत पहिल्या सत्रात मूलभूत गणित आणि दुसऱ्या सत्रात उपयोजित गणित आहे. रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या २०२४ सालच्या भरतीत पहिल्या परीक्षेच्या ७५ प्रश्नांपैकी २० प्रश्न गणिताचे होते. कल्याणची इंजिन शेड आपल्यापासून चार स्थानकांवर आहे. पण त्या शेडच्या दारात हे वीस प्रश्न उभे आहेत.

हिशेब न येण्याची किंमत काय असते, हे आपल्या वाडवडिलांना कोणी सांगावे लागत नव्हते. सावकाराच्या वहीतला आकडा वाचता येत नव्हता म्हणून अंगठा उठत होता आणि अंगठा उठला म्हणून कर्ज फिटत नव्हते. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा प्राथमिक शाळेत बहुजनांच्या मुलांना काय शिकवावे हे सांगताना वाचन-लेखनाच्या बरोबरीने हिशेबाचा उल्लेख केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ साली व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन सादर केले, त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. इतकेच नव्हे तर सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, अशीही मागणी केली. १९४४ साली भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखण्याचे कलमही आले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली राज्याने नवबौद्धांना सवलती चालू ठेवल्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० ची दुरुस्ती होईपर्यंत तीस वर्षे थांबावे लागले. आज आपल्या हाती जो दाखला आहे त्यामागे एवढा इतिहास आहे. त्या दाखल्यावर मिळालेली जागा पहिल्या सत्रातच रिकामी होत असेल, तर तो तोटा केवळ एका घराचा नाही.

आता कोणी म्हणेल, गणित हे डोक्याचे काम आहे, ते ज्याला येते त्याला येते. हे म्हणणे आपल्याच घरांत ऐकू येते आणि तेच मला सर्वांत घातक वाटते. विद्या ही काहींच्या रक्तातच असते, हा जुन्या व्यवस्थेचा सिद्धांत होता. तो आपण देव्हाऱ्यातून बाहेर काढला आणि गणिताच्या नावाने पुन्हा घरात घेतला, असे होता कामा नये. आपल्यातील गवंड्याकडे पाहा. पाया आखताना तो दोरीने एका बाजूस तीन फूट मोजतो, दुसऱ्या बाजूस चार फूट मोजतो आणि तिरपे पाच फूट भरले की कोपरा गुण्यात आला असे म्हणतो. शाळेत ज्याला पायथागोरसचा सिद्धांत म्हणतात तो हाच. या गवंड्याचा मुलगा त्याच सिद्धांतापुढे घाबरत असेल, तर दोष त्याच्या डोक्यात कसा शोधता?

दोष कोठे आहे तो सांगतो. पदविकेचा विद्यार्थी लॉगॅरिथममध्ये अगर मॅट्रिक्समध्ये अडला असे वरून दिसते. त्याच्या वहीची उलटतपासणी करा. तो लॉगॅरिथममध्ये अडलेला नसतो. सातवीतल्या अपूर्णांकात अडलेला असतो. छेद वेगळे असताना बेरीज कशी करावी, कंसाबाहेर उणे चिन्ह असले की आत काय होते, समीकरणाच्या एका बाजूचे पद दुसऱ्या बाजूस नेताना चिन्ह का बदलते, या तीन-चार ठिकाणी पाया खचलेला असतो. शाळेत तेवढे पाठ करून निभावले. येथे निभावत नाही. या तीन-चार गोष्टी नव्याने शिकवायला वर्ष लागत नाही, काही आठवडे लागतात. पण त्या शिकविणे आपले काम नाही असे संस्थेतील शिक्षकाला वाटते, कारण त्याच्यापुढे अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई असते. आणि त्या विचारणे लाजिरवाणे आहे असे विद्यार्थ्याला वाटते.

दुसरी अडचण भाषेची. मराठी शाळेत ज्याने 'कर्ण', 'छेद', 'त्रिज्या' हे शब्द शिकले, त्याच्यापुढे एका दिवसात 'हायपोटेन्यूज', 'डिनॉमिनेटर', 'रेडियस' येऊन उभे राहतात. ज्याला कर्ण काढता येतो तोसुद्धा प्रश्न समजला नाही म्हणून पाटी कोरी ठेवतो. सेमी-इंग्रजीतून आलेल्याला ही अडचण कमी भासते. म्हणून शिक्षकाला वाटते की वर्गाला समजले आहे. राज्यात पदविकेसाठी मराठी-इंग्रजी अशा द्विभाषिक अध्यापनाचा पर्याय पुढे आलेला आहे. आपल्या मुलाच्या संस्थेत तो पर्याय कागदावर आहे की फळ्यावर, हे विचारण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे.

तिसरी अडचण एकटेपणाची, आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नाही. याविषयी एक परदेशी उदाहरण देतो, कारण ते आपल्याला तंतोतंत लागू पडते. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रात १९७० नंतरच्या दशकात उरी ट्राइसमन नावाच्या तरुण गणितज्ञाला एक प्रश्न पडला: कृष्णवर्णीय विद्यार्थी कलन गणितात एवढ्या मोठ्या संख्येने का मागे पडतात? सहकाऱ्यांनी ठरावीक उत्तरे दिली. त्यांना चाड नाही, त्यांची तयारी कच्ची, त्यांच्या घरी शिक्षणाची कदर नाही. ही उत्तरे आपल्या ओळखीची आहेत! ट्राइसमनने त्या उत्तरांवर विश्वास न ठेवता विद्यार्थ्यांच्या खोल्यांवर जाऊन ते अभ्यास कसा करतात हे महिनोन्‌महिने पाहिले. ती उत्तरे खोटी ठरली. त्याला आढळले की कृष्णवर्णीय विद्यार्थी पुष्कळ तास अभ्यास करीत, परंतु एकटे करीत. अडले तर ते मनात ठेवीत. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र आधी आपापली उदाहरणे सोडवीत आणि मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपाशीत. कोण कोठे चुकले हे त्यांना परीक्षेच्या आधीच कळे. ट्राइसमनने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी कच्च्या मुलांचा वर्ग काढला नाही. त्याने गट केले आणि त्या गटांना नेहमीच्या वर्गाहून कठीण उदाहरणे दिली. ते विद्यार्थी टिकले आणि चांगल्या गुणांनी पुढे गेले.

हे वाचून बदलापूरच्या लोकलमध्ये उभा असलेला आपला विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. सकाळी बदलापूर किंवा अंबरनाथला गाडी धरतो, संध्याकाळी परततो, घरी एकच खोली, त्यात धाकटी भावंडे आणि चालू असलेला दूरदर्शन संच. वर्गातल्या ज्या मुलांच्या घरी वडील अभियंता आहेत, ती रात्री विचारू शकतात. आपल्या मुलाने कोणाला विचारावे? तो एकटा अडतो, एकटा लाजतो आणि एके दिवशी एकटाच वर्ग सोडतो.

अमेरिकेतलेच दुसरे नाव बॉब मोझेस यांचे. १९६० नंतर मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची नावे मतदारयादीत यावीत म्हणून त्यांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिला. तेथे मतदार होण्यासाठी साक्षरतेची परीक्षा घेत आणि तिच्या आडून कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवीत. या मोझेस यांनी १९८२ साली 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' सुरू केला. त्यांचे म्हणणे असे होते की एके काळी ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते तो नागरिकत्वाच्या बाहेर राहिला, तसा या यंत्रयुगात ज्याला बीजगणित येत नाही तो बाहेर राहील. म्हणून बीजगणित हा नागरी हक्काचा प्रश्न आहे. २०२१ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी हे म्हणणे सोडले नाही. मताच्या हक्कासाठी लढलेल्या माणसाला गणिताचा वर्ग हीच पुढची लढाई वाटली, याचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे.

येथे एका सापळ्याविषयी सावध करतो. २०२४ साली जाहीर झालेल्या राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात अशी तरतूद पुढे आली की दहावीला गणितात किंवा विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्यास उत्तीर्ण करावे. मात्र गुणपत्रिकेवर असा शेरा द्यावा की त्याला पुढे गणितावर किंवा विज्ञानावर आधारलेले शिक्षण घेता येणार नाही. नापासाचा शिक्का टळून मुलगा कला शाखेकडे जाऊ शकेल, हा त्यातला चांगला हेतू मी नाकारीत नाही. परंतु कायद्याचा कागद वाचताना सवलत कोणती आणि अट कोणती हे वेगळे करून वाचावे लागते. सवलत आज मिळते. अट जन्मभर राहते. असा शेरा बसलेल्या मुलाला तंत्रनिकेतनाचे दार बंद होईल, यंत्रावरचे काम बंद होईल. तो शेरा कोणाच्या मुलांवर अधिक बसेल, हे सांगायला ज्योतिषी नको. पंधरा गुणांची माफी ही पंधरा गुण शिकविण्याची जागा घेऊ शकत नाही. आपल्याला गुण कमी करून नकोत; शिकवणी वाढवून हवी.

ही मागणी दयेची नाही, कायद्याच्या तत्त्वातली आहे. भारतीय संविधानाचे पंधराव्या अनुच्छेदातील चौथे कलम १९५१ साली आले. त्याने शिक्षणसंस्थांत विशेष तरतूद करण्याचा मार्ग मोकळा केला. अनुच्छेद ४६ राज्याला आदेश देतो की दुर्बल वर्गांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या, शैक्षणिक हिताचे संवर्धन विशेष काळजीपूर्वक करावे. 'प्रवेश द्यावा' एवढ्यावर तो अनुच्छेद थांबत नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आणखी स्पष्ट आहे. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसविले, तर इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क त्याला कलम ४ ने दिला आहे. कलम २४ ने शिक्षकावर कर्तव्य टाकले आहे की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासावी आणि गरज असेल त्याप्रमाणे जादा शिकवावे. हा कायदा चौदाव्या वर्षापर्यंतचा आहे. पण जे तत्त्व तेरा वर्षांच्या मुलासाठी न्याय्य आहे ते सोळा वर्षांच्या मुलासाठी अन्याय्य कसे होईल? आय.आय.टी.सारख्या संस्थांत, प्रवेशपरीक्षेत थोडक्यात मागे राहिलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम चालविला जातो. म्हणजे जादा शिकवणीचे तत्त्व सरकारने देशातील सर्वांत मोठ्या तंत्रसंस्थांत मान्य केले आहे. अंबरनाथच्या फिटरला आणि उल्हासनगरच्या पदविकाधारकाला तेच तत्त्व लागू करा, एवढेच आपण म्हणत आहोत.

तर मग करावयाचे काय? संस्थेकडे मागावयाचे ते आधी सांगतो. पहिली मागणी: प्रवेशानंतर पहिल्या पंधरवड्यात गणिताच्या पायाची एक साधी चाचणी घ्यावी, अपूर्णांक, चिन्हे, गुणोत्तर, समीकरण यांची. तिचे गुण कोठेही धरू नयेत. कोण कोठे अडला एवढेच तिने सांगावे. दुसरी मागणी: जो अडला त्याला जादा तास द्यावा आणि तो वेळापत्रकाच्या आतच द्यावा. संध्याकाळी सहानंतरचा जादा तास हा नसल्यासारखाच आहे. कारण मुलाला गाडी धरावयाची असते, कित्येकांना संध्याकाळी काम असते, आणि मुलीला उशिरा सोडायला घरचे तयार नसतात. तिसरी मागणी: पाच-सहा विद्यार्थ्यांचे गट करून दर आठवड्याला त्यांना एकत्र उदाहरणे सोडवायला बसवावे, वरच्या वर्गातील विद्यार्थी त्यांच्याजवळ द्यावा आणि 'कमवा व शिका' धर्तीवर त्या विद्यार्थ्याला मानधन द्यावे. चौथी मागणी: गणिताच्या मराठी-इंग्रजी शब्दांची यादी पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हाती द्यावी.

या मागण्या तोंडी करू नका. तोंडी बोलणे हवेत विरते, कागद राहतो. प्राचार्यांच्या नावे साध्या मराठीत अर्ज लिहा, त्यावर पालकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या सह्या घ्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. अर्जाचा सूर भांडणाचा नको. गणिताचा शिक्षक हा आपला प्रतिपक्षी नाही. भरलेल्या वर्गात तोही एकटाच आहे, आणि आपल्या अर्जामुळे जादा शिक्षक मागायला त्यालाच आधार मिळतो. संस्था शासकीय अगर अनुदानित असेल, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराचा उपयोग करा. दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा. तीन प्रश्न पुरेत: पहिल्या वर्षी अनुसूचित जातीच्या किती विद्यार्थ्यांना प्रवेश दिला, त्यांपैकी किती पहिल्या सत्रात गणितात उत्तीर्ण झाले, आणि अनुत्तीर्णांसाठी किती जादा तास घेतले. तेरा टक्के जागा भरल्या की नाही हे आजवर आपण विचारीत आलो. भरलेल्या जागांवरचे विद्यार्थी पुढे कोठे गेले, हे आता विचारू.

आणि जे आपल्याच हातात आहे ते कोणाकडे मागू नका. रविवारी वंदनेनंतर विहाराचे सभागृह मोकळे असते. तेथे दोन तास गणिताचा गट बसवा. कारखान्यातून निवृत्त झालेला टर्नर, पदविकेच्या तिसऱ्या वर्षातली मुलगी, बँकेतला कारकून, जो कोणी मिळेल तो फळ्याशी उभा करा; सगळे येणारा माणूस शोधीत बसू नका. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी ही स्थानके एकाच मार्गावर आहेत. एका वस्तीला शिकविणारा मिळाला नाही तर पुढच्या स्थानकावरचा बोलवा. जयंतीच्या वर्गणीतून खडू, फळा आणि जुन्या प्रश्नपत्रिकांच्या प्रती सहज निघतात. कोणी एका विषयात नापास झाला, तर ते वर्ष बुडाले असे मानून त्याला ठेकेदाराच्या हवाली करू नका. पदविकेच्या परीक्षा हिवाळी आणि उन्हाळी अशा वर्षातून दोनदा होतात. पुढच्या परीक्षेचा अर्ज मुदतीत भरा आणि शिष्यवृत्तीचे नूतनीकरणही चुकवू नका.

माता-भगिनींना एक विशेष विनंती. मुलगा घरी येऊन 'मला गणित जमत नाही' म्हणाला, तर 'आपल्या घरात कोणालाच जमले नाही' असे उत्तर देऊ नका. त्याला विचारा, 'नेमके कोठे अडले?' तुम्हांला त्या उदाहरणातले अक्षर समजत नसले तरी चालेल. तुम्हांला समजावून सांगता सांगता त्यालाच कळेल की कितव्या पायरीपर्यंत आपल्याला येते आणि कोणत्या पायरीवर पाय घसरतो. ती पायरी सापडली की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम करून घेण्यासाठी संस्था आहे, शिक्षक आहे, विहारातला गट आहे आणि, मागितले तर, कायदाही आहे.

या सत्रात आपल्या वस्तीतून किती मुलांना प्रवेश मिळाला हे आपण मोजलेच असेल. त्यांची नावे एका वहीत लिहा. पहिल्या सत्राचा निकाल लागेल त्या दिवशी ती वही उघडा आणि प्रत्येक नावापुढे गणिताचे गुण लिहा. ज्याच्या नावापुढचा आकडा चाळीसच्या खाली असेल, त्याच्या घरी त्याच संध्याकाळी जा.